भाताच्या पानातली साखरेची दारं

ज्वारीवर मावा पडला की पानं चिकट होतात. शेतकरी त्याला चिकटा म्हणतात. बोटानं चाखून पाहिला तर गोड लागतो. हा गोडवा मूळचा माव्याचा नाही, ज्वारीचा आहे. मावा आपली सुईसारखी सोंड पानाच्या रसवाहिनीत खुपसतो आणि मग त्याला फारसं चोखावंही लागत नाही. मोटारीच्या टायरमध्ये असतो त्याच्या कित्येक पट दाब रसवाहिनीत असतो, त्यामुळे रस आपसूक त्याच्या पोटात चढतो. रसात साखर भरपूर असते. माव्याला हवी असतात ती अमिनो आम्लं मात्र त्यात तुटपुंजी असतात. ती पुरेशी मिळेपर्यंत मावा रस पीत राहतो आणि नको असलेली साखर मागच्या बाजूनं टाकून देतो. तोच चिकटा.

1953 साली संशोधकांना याच सवयीचा उपयोग सुचला. रस पीत बसलेल्या माव्याचं अंग कापून टाकायचं आणि सोंड तशीच झाडात राहू द्यायची. तुटलेल्या सोंडेतून शुद्ध रसाचे थेंब येत राहतात. रसवाहिनीतला रस काढण्याची इतकी सफाईदार सुई माणसाला आजही बनवता आलेली नाही.

पण ही साखर रसवाहिनीत येते कशी? प्रश्न साधा दिसतो. पान उन्हात साखर तयार करतं आणि ती झाडभर जाते, असं आपण सातवीत लिहून मार्क मिळवलेले असतात. मधली एक अडचण कोणी सांगत नाही. साखर तयार होते हिरव्या पेशीच्या आत, आणि पेशी तर सगळीकडून बंद असते.

पेशीभोवतीचं प्रद्रव्यपटल हा स्निग्ध रेणूंचा दुहेरी थर आहे, मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही पातळ. साखर पाण्यात लगेच विरघळते, पण स्निग्ध पदार्थाशी तिचं जमत नाही. तूप-साखर-पोळी खाताना साखर दाताखाली कचकचते ती म्हणूनच, तुपात ती विरघळतच नाही. तेव्हा पटलातून साखरेचा रेणू स्वतःहून आरपार जाईल ही आशा सोडायची. त्यासाठी पटलात प्रथिनांची दारं बसवलेली असतात. पाण्याची वेगळी, पोटॅशची वेगळी, नत्राची वेगळी, साखरेची वेगळी. आपण शेतात टाकलेलं प्रत्येक खत शेवटी अशा एखाद्या दारावर जाऊन थांबतं आणि आत घेतलं जाण्याची वाट पाहतं.

साखरेच्या दारांचा शोध घेणाऱ्यांमध्ये वोल्फ फ्रॉमर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाचं नाव पहिल्या रांगेत येतं. बर्लिन, मग ट्यूबिंगेन, मग अमेरिकेत स्टॅनफर्डच्या आवारातली कार्नेगी संस्था आणि 2017 पासून ड्युसेलडॉर्फचं विद्यापीठ, असा त्यांचा प्रवास झाला. गेली तीस-पस्तीस वर्षं ते आणि त्यांचे सहकारी एकाच प्रश्नाभोवती फिरत आले आहेत: झाडात कोणता रेणू कोणत्या दारातून जातो, आणि ते दार कोणतं हे ओळखायचं कसं?

ओळखण्याची पहिली युक्ती 1992 सालची. पालकाच्या पानात हजारो जनुकं असतात. त्यांतलं साखरेचं दार बनवणारं जनुक कोणतं? फ्रॉमर यांच्या गटानं पाव फुगवणारं यीस्ट घेतलं. यीस्ट साखर खातं, पण एरवी ते साखर पेशीबाहेरच फोडतं आणि तुकडे आत घेतं. संशोधकांनी त्याची बाहेर साखर फोडण्याची सोय काढून घेतली आणि बटाट्यातलं साखर फोडणारं एक प्रथिन त्याच्या पोटात बसवलं. आता अख्खी साखर आत आली तरच हे यीस्ट जगणार. मग पालकाची वेगवेगळी जनुकं वेगवेगळ्या यीस्ट पेशींत घालून सगळ्यांना फक्त साखरेवर ठेवलं. बहुतेक उपाशी राहिल्या. जी वाढली तिच्या आत हवं ते जनुक होतं! हजारो किल्ल्या एकेक करून लावून पाहण्यापेक्षा भुकेलाच कामाला लावलं. मला ही युक्ती फार आवडते, कारण तिच्यात महागडं यंत्र नाही, फक्त विचार आहे.

अशा रीतीनं सापडलेल्या दाराला ‘सट-1’ म्हणतात. ते साखर आत ओढून घेतं, तीही उलट दिशेनं, म्हणजे कमी साखर आहे तिथून जास्त साखर आहे तिकडे. याला ताकद लागते. ती अशी येते: पटलातला एक पंप एटीपी हे पेशीचं इंधन जाळून प्रोटॉन सतत पेशीबाहेर फेकत राहतो. बाहेर प्रोटॉनची गर्दी होते आणि त्यांना आत परतायची घाई असते. सट-1चं दार प्रोटॉनला एकट्याला आत सोडत नाही. सत्यनारायणाला जोडप्यानं बसावं लागतं तसं प्रोटॉनला साखरेचा रेणू बरोबर घेऊनच यावं लागतं. प्रोटॉनच्या परतीच्या ओढीवर साखर फुकटात आत जाते. रसवाहिनीजवळच्या पेशींत हे दिवसरात्र चालतं. तिथे साखर साठली की पाणी परासरणानं मागोमाग शिरतं आणि दाब तयार होतो. हा दाबच रसाला मुळांकडे, फळांकडे, कणसाकडे ढकलतो, असं एर्न्स्ट म्यून्श या जर्मन शास्त्रज्ञानं 1930 सालीच मांडलं होतं. माव्याच्या पोटात रस चढतो तोही याच दाबानं.

आत ओढणारं दार सापडलं. पण आत ओढायला साखर आधी बाहेर यायला हवी ना? हिरव्या पेशींच्या बाजूनं ती पेशींच्या फटीत सोडणारं दार पुढची जवळजवळ अठरा वर्षं कोणाला सापडलं नाही. कारण युक्ती उलटी चालत नव्हती. साखर आत आली नाही तर यीस्ट उपाशी मरतं, म्हणून आत येण्याची परीक्षा भुकेनं घेता येते. बाहेर जाण्याची परीक्षा कशी घेणार?

यासाठी फ्रॉमर यांनी साखर दिसेल अशी सोय केली. त्यांनी एक जोड-प्रथिन तयार केलं. मध्ये ग्लुकोज पकडणारा भाग आणि दोन टोकांना दोन चमकणारी प्रथिनं, एक निळसर आणि एक पिवळं. ग्लुकोज पकडलं की मधला भाग आकार बदलतो, दोन्ही टोकांमधलं अंतर आणि कोन बदलतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या-पिवळ्याचं प्रमाण बदललेलं दिसतं. पेशी जिवंत असतानाच तिच्या आत साखर वाढली की घटली हे रंगावरून वाचता येतं. हे जोड-प्रथिन माणसाच्या मूत्रपिंडापासून तयार केलेल्या, प्रयोगशाळेत वाढणाऱ्या पेशींत घातलं, कारण त्या पेशी स्वतःहून फारच कमी ग्लुकोज घेतात. मग झाडातली, कामाचा पत्ता नसलेली पटल-प्रथिनं एकेक करून त्या पेशींना दिली आणि रंग कधी बदलतो ते पाहिलं.

2010 साली ली-छिंग चेन, फ्रॉमर आणि सहकाऱ्यांनी निकाल जाहीर केला. दारांचं एक अख्खं घराणंच सापडलं होतं. त्याचं नाव ठेवलं ‘स्वीट’. हे ‘शुगर्स विल इव्हेंच्युअली बी एक्स्पोर्टेड ट्रान्स्पोर्टर्स’चं लघुरूप आहे. गोड नाव आधी सुचलं आणि लांबलचक अर्थ नंतर जुळवला, अशी शंका घ्यायला हरकत नाही. अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपात अशी 17 दारं आहेत, भातात 21. माणसातही एक आहे.

स्वीटचं दार सटपेक्षा साधं आहे. त्याला प्रोटॉन लागत नाही, एटीपी लागत नाही. जिकडे साखर जास्त तिकडून जिकडे कमी तिकडे ते ती जाऊ देतं, दोन्ही दिशांनी. त्याची हालचाल समजायची असेल तर दोन्ही तळहात नमस्कारासारखे जोडा. मनगटं टेकलेली ठेवून बोटं उघडा, मग बोटं जोडून मनगटं उघडा. साखरेचा रेणू मधल्या पोकळीत बसतो आणि दार एका वेळी एकाच बाजूला उघडतं. दोन्ही बाजू एकदम कधीच उघड्या नसतात, नाहीतर पेशीतलं सगळंच बाहेर वाहून जाईल. 2015 साली भाताच्या एका स्वीट प्रथिनाची रचना अणूंच्या पातळीवर उलगडली, तेव्हा त्याचे सात वेटोळे दांडे पटलातून आरपार गेलेले दिसले. तीन दांडे एका बाजूला, तीन दुसऱ्या बाजूला आणि एक मधला जोडणारा.

दार काय करतं हे पाहायचं तर ते काढून टाकायचं आणि काय बिघडतं ते बघायचं. 2012 साली अरॅबिडॉप्सिसमधली अशी दोन दारं, 11 आणि 12 नंबरची, एकदमच निकामी केली. रोपं खुरटी राहिली. पानात मात्र साखर आणि स्टार्च तुंबला. नाशिककडचे द्राक्ष बागायतदार हा प्रकार वेगळ्या रूपात ओळखतात. मण्यांची फुगवण व्हावी म्हणून ते गर्डलिंग करतात, म्हणजे खोडाच्या सालीची अरुंद पट्टी गोल काढतात. रसवाहिन्या सालीत असतात, जलवाहिन्या आतल्या लाकडात. पाणी वर चढत राहतं, पण साखर मुळांकडे उतरू शकत नाही आणि घडांच्या वाट्याला जास्त येते. त्या बिचाऱ्या अरॅबिडॉप्सिसच्या पानापानात जणू गर्डलिंग झालं होतं. फरक एवढाच की कोंडलेली साखर कोणाच्याच कामी आली नाही.

सगळी झाडं असंच करतात असं नाही. अनेक मोठ्या वृक्षांत साखर पेशी-पेशींना जोडणाऱ्या सूक्ष्म बोळांतून थेट रसवाहिनीपर्यंत जाते, तिला दारातून बाहेर पडावं लागत नाही. पण साखर एका जिवंत जागेतून दुसरीकडे द्यायची वेळ आली की तिथे स्वीट हमखास भेटतं. फुलातल्या मधुरसासाठी 9 नंबरचं दार लागतं. ते नसेल तर फूल फुलतं, पण मधुरस येत नाही. मक्याच्या दाण्यात साखर भरणारं दार बिघडलं तर कणसावर पोचट दाणे येतात. परागकणांना पोसायलाही अशीच दारं लागतात. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता भाताकडे येऊ.

पहाटे भाताच्या खाचरात गेलात तर पानांच्या टोकांवर आणि कडांवर थेंब दिसतात. आपण सगळ्यांनाच दव म्हणतो, पण त्यांतले बरेचसे रोपानं स्वतः बाहेर टाकलेलं पाणी असतं. पानाच्या कडेला त्यासाठी बारीक जलरंध्रं असतात. याच रंध्रांतून एक जीवाणू आत शिरतो, झांथोमोनास ओरायझी. मग पान कडेकडेनं, टोकाकडून खाली नागमोडी पिवळं पडत वाळत जातं. कोकणातला भात असो की भंडारा-गोंदियाकडचा धान, या रोगाचं आपल्याकडचं नाव अगदी चपखल आहे: कडा करपा. जगात त्याची पहिली नोंद जपानमध्ये, फुकुओका भागात 1884 साली झाली.

हा जीवाणू पानाच्या जलवाहिनीत राहतो. राहायला सुरक्षित जागा, पण तिथे वाहतं ते जवळजवळ नुसतं पाणी. साखर शेजारच्याच पेशींत भरलेली, पण मध्ये पटलाची भिंत. म्हणजे हॉटेलच्या काचेला नाक लावून उभं राहण्यासारखी अवस्था. जीवाणू भिंत फोडत नाही. तो एका सूक्ष्म सुईतून आपली काही प्रथिनं भाताच्या पेशीत टोचतो. त्यांतली ‘टाल’ नावाची प्रथिनं थेट पेशीच्या केंद्रकात जातात आणि भाताच्या डीएनएवर ठरावीक जागी बसतात.

प्रत्येक जनुकाच्या आधी डीएनएचा एक पट्टा असतो. जनुक कधी, कुठे आणि किती चालवायचं याच्या खुणा त्यावर असतात. टाल प्रथिनं स्वीट जनुकांच्या आधीचा हा पट्टा शोधून त्यावर बसतात आणि जनुक सुरू करतात. भाताची पेशी आज्ञाधारकपणे साखरेची दारं बनवून पटलात बसवू लागते. साखर बाहेर झिरपते आणि जीवाणूचं जेवण होतं. दार भाताचं, सुतार भाताचा, लाकूडही भाताचंच. फक्त ऑर्डर परक्यानं दिलेली!

टाल नेमकी जागा ओळखतं कसं, ही लिपी 2009 साली उलगडली. त्याच्या अंगात जवळजवळ सारखे तुकडे माळेसारखे ओवलेले असतात, प्रत्येक तुकडा साधारण 34 अमिनो आम्लांचा. त्यांतली 12वी आणि 13वी ही दोनच अमिनो आम्लं बदलती असतात आणि ती डीएनएचं एकेक अक्षर ओळखतात. तुकड्यांचा क्रम वाचला की हे टाल कुठे जाऊन बसणार ते कागदावर सांगता येतं. जीवाणूचा पत्ता लिहिलेला लिफाफाच हातात आल्यासारखं.

आणि इथे जुन्या पैदासकारांच्या वहीतलं एक कोडं सुटतं. कडा करप्याला दाद न देणारी काही भातवाणं पूर्वीपासून माहीत आहेत. त्यांच्या प्रतिकाराला जबाबदार जनुकांना एक्सए-1, एक्सए-2 असे क्रमांक दिले गेले. त्यांतलं 13 नंबरचं लहान लिपीत लिहितात, कारण ते अप्रभावी आहे. आईकडून आणि बापाकडून, दोन्ही प्रती तशाच मिळाल्या तरच रोप वाचतं. रोगाशी लढणारं जनुक असेल तर त्याची एक प्रत पुरायला हवी. मग हे असं का?

2006 साली चीन आणि अमेरिकेतल्या दोन गटांच्या कामातून उत्तर आलं, आणि 2010 साली ते पूर्ण झालं. हे 13 नंबरचं जनुक म्हणजे भाताचं स्वीट-11. रोगाला बळी पडणाऱ्या वाणांत आणि न पडणाऱ्या वाणांत दार तेच आहे. फरक आहे तो आधीच्या पट्ट्यात. प्रतिकारक वाणात तिथली अक्षरं बदललेली आहेत, त्यामुळे जीवाणूच्या टालला बसायला जागाच मिळत नाही. हे वाण जीवाणूशी लढत नाही, त्याच्या हाकेला ओ देत नाही. दोन्ही प्रती बहिऱ्या असाव्या लागतात, कारण एकीनं जरी ऐकलं तरी दारं उघडतात आणि जीवाणूचं पोट भरतं.

मग ते दारच का काढून टाकू नये? कारण परागकण. संशोधकांनी स्वीट-11चं काम दाबून पाहिलं तेव्हा परागकण निकामी झाले. रोग गेला, पण दाणाही गेला, असा सौदा कोणी करणार नाही. म्हणून दार ठेवायचं, फक्त परक्यानं वाजवायची घंटा काढायची. निसर्गानं 13 नंबरच्या जनुकात नेमकं हेच करून ठेवलं होतं आणि पैदासकारांनी ते कारण ठाऊक नसताना जपलं होतं. हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी हे जनुक आणखी दोघांसोबत सांबा मसुरी या लोकप्रिय वाणात साध्या संकरानं आणलं, डीएनएवरच्या खुणांची मदत घेऊन. 2008 साली ते सुधारित सांबा मसुरी म्हणून प्रसारित झालं. त्यात 13 नंबरबरोबर 21 आणि 5 ही जनुकंही आहेत. एकाच कुलपावर भरवसा ठेवला नाही हे बरंच झालं.

कारण जीवाणूही गप्प बसत नाही. काही जातींनी स्वीट-11चा नाद सोडून 13 नंबरच्या दाराची घंटा शोधली, काहींनी 14 नंबरच्या. (इथे दाराचे आणि प्रतिकाराच्या जनुकाचे क्रमांक वेगवेगळे आहेत, गोंधळ होऊ देऊ नका, शास्त्रज्ञांचाही होतो.) या तिन्ही दारांच्या मिळून पाच घंटा प्रामुख्यानं वापरात आहेत हे ध्यानात आल्यावर, 2019 साली फ्रॉमर आणि अमेरिका, फ्रान्स, फिलिपाइन्स वगैरे ठिकाणच्या सहकाऱ्यांनी क्रिस्पर या जनुक-कात्रीनं पाचही जागांची मोजकी अक्षरं बदलली. प्रयोग ज्या वाणांवर झाले त्यांत आपल्याकडेही पेरलं जाणारं आयआर-64 होतं. अशा रोपांनी आशिया आणि आफ्रिकेतल्या निरनिराळ्या जीवाणूंना दाद दिली नाही. बाहेरचं जनुक त्यात काहीच राहत नाही, स्वतःच्याच मजकुरातली थोडी खाडाखोड असते. भारत सरकारनं मार्च 2022 मध्ये अशा प्रकारच्या संपादित पिकांना जीएम पिकांच्या कडक नियमांतून वगळलं. त्यावरचा वाद मात्र मिटलेला नाही, आणि बियाण्याची मालकी कोणाकडे राहणार हा प्रश्न माझ्या मते जनुकांच्या प्रश्नाइतकाच मोठा आहे.

हा फक्त भाताचा मामला नाही. कपाशीवरच्या जीवाणूजन्य करप्याचा जंतूही टाल टोचून कपाशीचं एक स्वीट दार उघडून घेतो, असं 2017 साली दिसून आलं. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांना त्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

भाताच्या बाबतीत परीक्षा फार लवकर आली. आफ्रिकेतले जुने जीवाणू फक्त 14 नंबरचं दार वाजवत असत. मग टांझानियात डकावा भागातल्या भातावर कडा करपा पसरला आणि तपासणीत निघाले आशियातल्या जीवाणूंचे भाऊबंद, 11 नंबरची घंटा ओळखणारे. पूर्व आफ्रिकेतल्या ‘कोम्बोका’ वाणात मग दोन्ही खंडांतल्या जीवाणूंच्या घंटा एकदम बदलल्या गेल्या. 2023 साली त्याचे निकाल प्रसिद्ध झाले: संपादित रोपं जुन्या आणि नव्या, दोन्ही जीवाणूंपुढे टिकली.

प्रयोगशाळेत मुद्दाम घडवलेली टाल प्रथिनं वापरून पाहिलं, तर भातातली पाच दारं जीवाणूला पोसू शकतात: 11, 12, 13, 14 आणि 15. शेतातल्या जीवाणूंनी आजवर वापरलेली दिसली आहेत ती तीनच. म्हणून 2019च्या गटानं नुसतं बियाणं तयार केलं नाही, तर रोगट पानात कोणतं दार उघडलंय हे ओळखण्याची साधनंही बनवून ठेवली. एखाद्या खाचरातल्या जीवाणूनं उद्या 12 किंवा 15 नंबरची घंटा वाजवली, तर पहिल्याच वाळलेल्या पानावरून ते कळावं म्हणून.